हरकत असल्यास कळवावी

बरकतपुरा, हैदराबाद
मार्चचा शेवटचा सोमवार

प्रिय माधवी,

पत्राच्या माथ्यावर 'प्रभूमध्ये सलाम' लिहायची आपली जुनी सवय. आज तीन कागद फाडले, तिन्हींवर ते लिहिलं होतं. चौथ्यावर लिहिलं नाही, म्हणून हे पुढे सरकतंय. तुझा मेसेज मिळाला, हौ. ईस्टरला येतेस, तुझा धाकटा अमरदीप गाडीने आणणार, नातवाला त्याच्या मोठ्या काकाची कबर दाखवायची आहे, आणि उतरायचं माझ्याकडेच. मी खाली एक हसरं तोंड पाठवून दिलं. चार दिवस झाले, फोन उघडला की ते हसरं तोंड दिसतं आणि मला माझीच किळस येते. त्यानंतर तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. फोनवर मला खोटं फार पटकन बोलता येतं, हे गेल्या दीड वर्षात मला कळलं आहे. कागदावर तेवढं जमत नाही. आबिड्सच्या पोस्टात पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळली, आता स्वतःचं एक लिहिताना घाम फुटलाय. लिफाफ्यावर तुझा लातूरचा पत्ता आधीच लिहून ठेवलाय, म्हणजे ऐन वेळी माघार नको.

आधी सरळ सांगून टाकते, उगाच तुला पानभर ताटकळत ठेवत नाही. हर्षदच्या कबरीवर आता हर्षदचं नाव नाही. गेल्या वर्षी ती उघडली, तिच्यात दुसरं माणूस ठेवलं आणि वर दुसरा दगड बसवला. हे चोरून झालं नाही. मंडळीच्या नियमाने झालं, तीन रविवार व्यासपीठावरून नाव वाचून, कुणाची हरकत आहे का विचारून झालं. ते नाव वाचणारी मी होते. इथे थांब, श्रीकांतभावजींना हाक मार, त्यांना शेजारी बसव आणि मग पुढचं वाच. हे तू एकटीने वाचू नयेस असं मला फार वाटतं.

फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड. माझ्याकडे सांगण्यासारखं निमित्त नाही, जे झालं तेवढंच आहे. तू म्हणशील, सुशी, तू विसरलीस का तो कोण होता. विसरले असते तर बरं झालं असतं. काचीगुड्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आपली दारं समोरासमोर, आपल्या दोघींचे नवरे एकाच पार्सल ऑफिसात, आणि तुझं पोरगं जेवायला आमच्याकडे. तुझ्या हातची भाजी त्याला तिखट लागायची. आम्हाला मूल नाही म्हणून मंडळीतल्या बाया माझ्याकडे बघून सुस्कारे टाकायच्या, आणि हर्षद माझ्या मांडीवर बसून पुढ्यातली पोळी संपवायचा, तेव्हा मला त्या सुस्काऱ्यांचं हसू यायचं. माझ्या शांतवनने त्याला मालधक्क्यामागच्या मोकळ्या जागेत सायकल शिकवली. सीट धरून मागे पळायचा, चाळिशीला टेकलेला माणूस, आणि घरी येऊन कंबर शेकत बसायचा. मग शहाण्णवच्या जुलैत ती कावीळ. नऊ दिवसांत सगळं आटोपलं. पेटी एवढीशी होती की खांद्यांची गरजच पडली नाही, शांतवनने ती दोन्ही हातांवर उचलून नेली. सात वर्षांचा होता तो. मला सगळं आठवतं.

आता तुझ्या कागदाचं. दीड वर्षापूर्वी नोव्हेंबरात तू आली होतीस आणि आपण तिघं कब्रस्तानात गेलो होतो. तू ओल्या फडक्याने हर्षदचा दगड पुसत होतीस, तेवढ्यात पलीकडच्या ओळीत भागूबाई दिसल्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात झेंडूची फुलं, बहिणीची कबर शोधत होत्या. ओळ तीच, कडुलिंब तोच, पण बहिणीच्या जागी काळ्या ग्रॅनाइटवर कुणा तेलुगू तरुणाचा फोटो. चौकीदार म्हणाला, अम्मा, नोटीस दिली होती. कुणाला दिली होती ते त्याला ठाऊक नव्हतं. भागूबाई ती फुलं त्या पोराच्याच दगडावर ठेवून, हाही कुणाचा तरी असेलच, एवढं म्हणून निघाल्या.  घरी आलीस, चप्पलही न काढता माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसलीस आणि कागद मागितलास.

काय लिहायचं ते तुझ्या डोक्यात पक्कं होतं. कुठलीही जुनी कबर उघडायची तर आधी त्या घराला रजिस्टर पोस्टाने कळवावं आणि उत्तरासाठी तीन महिने थांबावं. शांतवनने चष्मा लावून वाचलं आणि खाली एक ओळ घालायला लावली, पत्ता नसेल तर नातेवाइकांकडे चौकशी करावी. तू सही केलीस आणि मग माझ्या लक्षात आलं, की मंडळीच्या यादीत ज्याचं नाव त्यालाच पंचांपुढे सूचना मांडता येते. तुम्ही लातूरला बदलून गेलात तेव्हा सभासदत्वाचं पत्र घेऊन गेलात. आपलं पोरगं इथल्या मातीत ठेवून गेलेल्या बाईच्या सहीला इथे किंमत नाही. दोन स्थानिक सह्या लागणार होत्या. दुसरी शांतवनची होईल, मी म्हटलं, तू फिकर करू नकोस, माझ्यावर सोड. तेव्हा तू माझा हात धरून म्हणालीस, "सुशी, इथे आता तूच माझं तोंड आहेस." मला त्या वेळी अभिमान वाटला होता, खरं सांगते.

आपल्या मंडळीत वर काही पोचवायचं म्हणजे काय असतं, तुला वेगळं सांगायला नको, पण तू गेल्यानंतर त्यात भर पडली आहे. उपासना संपली की दारात पाळकसाहेब हात मिळवतात. त्यांचा हात तुझ्या हातात असेपर्यंत एक वाक्य बोलता येतं, दुसऱ्या वाक्याला तो हात पुढच्या माणसाकडे गेलेला असतो. तरुण मुलांनी फळ्यावर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र चिकटवलं आहे, फोन त्याच्यापुढे धरला की सूचनांचा फॉर्म उघडतो म्हणे, पण तो इंग्रजीत. भागूबाई दर रविवारी ते चित्र पदराने पुसतात, त्यांना वाटतं तेही काही पवित्र आहे. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, त्यात फक्त सेक्रेटरींना लिहिता येतं आणि बाकीच्यांनी हात जोडायचे. नियमाचा रस्ता एकच, वार्षिक सभेच्या दोन आठवडे आधी दोन सह्यांचा कागद सेक्रेटरींच्या हातात द्यायचा, म्हणजे तो इतिवृत्तात येतो आणि त्यावर बोलावंच लागतं. गेल्या दहा वर्षांत असे दोन कागद आले, आणि दोन्ही देणारे आता दुसऱ्या चर्चला जातात.

कारण आपल्यात कागद देणं म्हणजे कुरकुर. वाळवंटात इस्राएल लोकांनी कुरकुर केली आणि त्यांचं काय झालं, हे आपल्याला बालपणापासून इतक्या वेळा ऐकवलंय की तक्रार तोंडातून बाहेर पडायच्या आधीच आपण डोळे मिटतो. मग आपण प्रार्थना करतो. बायकांच्या बाजूचा पंखा बंद पडला तेव्हा भागूबाईंनी बुधवारच्या घरप्रार्थनेत उकाड्याने त्रासलेल्या भगिनींसाठी प्रार्थना केली, आणि रविवारी पंखा फिरत होता. पाळकसाहेबांचं प्रवचन लांबायला लागलं तेव्हा शांतवनने आपल्यानंतरच्या उपासनेसाठी बाहेर उन्हात खोळंबलेल्या तेलुगू बंधूंच्या सहनशीलतेबद्दल देवाचे मनापासून आभार मानले. तुला आठवत असेल, तू तोंडाला पदर लावून हसत होतीस. पुढच्या रविवारी प्रवचन वीस मिनिटांत आटपलं. ऐकणारा ऐकतो, कुणाचा अपमान होत नाही, आणि आपणही देवाचीच माणसं राहतो. पंख्यापुरतं ते चालतं गं.

तुझा कागद मी पर्समध्ये घेऊन बुधवारी लक्ष्मणरावांच्या घरी गेले. लक्ष्मणराव पंचांचे सेक्रेटरी. त्यांना वाईट माणूस समजू नकोस, ते सोपं होईल पण खरं नाही. कब्रस्तानात जागा उरली नाही, सरकारने नवी जमीन दिली ती रिंगरोडच्या पलीकडे, दोन बस बदलून जायची. म्हातारी माणसं त्यांच्या दारात येऊन रडायची की आम्हाला इतक्या लांब टाकू नका. म्हणून त्या माणसाने भर उन्हात टेप घेऊन ओळी मोजल्या, जुनी रजिस्टरं चाळली आणि पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या, ज्यांची घरं आता इथल्या यादीत नाहीत अशा कबरींचा हिशोब काढला. तो त्यांचा तीन वर्षांचा घाम होता. तुझा कागद त्यांच्या हातात देणं म्हणजे तुमचं चुकलं असं त्यांच्या घरात बसून त्यांना सांगणं. आणि आणखी एक गोष्ट, ती मी तुला कधी सांगितली नाही. व्यासपीठावरून सूचना वाचायला मला त्यांनीच उभं केलं होतं. आपल्या मंडळीत त्या जागी उभी राहिलेली मी पहिली बाई. दर रविवारी तिथून खाली बघताना मला जे वाटायचं ते गमवायची माझी तयारी नव्हती.

तर मी काय केलं, पर्स मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि प्रार्थना केली. हे पित्या, ज्यांचे प्रियजन इथे निजले आहेत आणि जे दूर गेले आहेत, त्यांची आठवण आमच्या पंचांच्या मनात जागी ठेव. आवाज छान लागला होता. सगळे आमेन म्हणाले, लक्ष्मणराव सगळ्यांत मोठ्याने. चहा देताना म्हणाले, ताई, मनाला भिडलं. मी हलकी होऊन घरी आले. शांतवनने विचारलं, कागद दिलास का, माझी सही राहिलीय. मी म्हटलं, मांडलं मी पंचांपुढे, चांगलं ऐकून घेतलं. तुलाही फोनवर हेच सांगितलं. तू किती आभार मानलेस, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पाठवलास, तो आम्ही महिनाभर खाल्ला. मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी मांडलं. आपल्यात त्यालाच मांडणं म्हणतात. तो कागद त्या पर्समध्येच राहिला.

डिसेंबरात शांतवनची तबियत बिघडली, ते तुला ठाऊक आहे. तू रोज फोन करायचीस. यकृत, मग पोटात पाणी, मग डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून महिने मोजायला सांगितले. मी बाहेर येऊन त्याला म्हटलं, औषधं बदलली आहेत. हे पहिलं खोटं मला माफ असावं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी लक्ष्मणरावांनी माझ्या हातात यादी दिली. अकरा नावं होती. आपली उपासना सकाळी साडेसहाची, आठच्या आत देऊळ रिकामं करून द्यायचं असतं, तेलुगू मंडळीची पोरं ढोलक घेऊन दाराशी उभी असतात, म्हणून सूचना नेहमी घाईत वाचायच्या. मी वाचत गेले. सातवं नाव आलं, हर्षद श्रीकांत भालेराव, वय सात. मी आधी नजर टाकली नव्हती. माझा आवाज अडखळला नाही, माधवी. तेच मला सगळ्यांत जास्त लागतं. आधीची सहा नावं ज्या आवाजात वाचली त्याच आवाजात मी ते वाचलं आणि आठव्यावर गेले. शेवटी नेहमीचं वाक्य, कुणाची हरकत असल्यास कळवावी, आणि मग थांबायचं, दहा आकडे होईपर्यंत. खाली पंचवीस-तीस माणसं, त्यात तुम्हाला ओळखणारी चार. त्यांना कुणाला ते नाव कळलं नाही, किंवा कळूनही ती गप्प बसली, मला माहीत नाही. तोंड उघडायचं काम माझं होतं आणि मी घड्याळाकडे बघत होते.

घरी गेल्यावर तुला फोन करणार होते. संध्याकाळी करू म्हटलं. मग शांतवनला उलट्या झाल्या. सोमवारी करू म्हटलं. आठवड्यात सात दिवस असतात आणि सातही दिवस फोन माझ्या हातात होता. दुसऱ्या रविवारी पुन्हा वाचलं, तेव्हा ते वाचणं जरा सोपं गेलं.

तिसऱ्या रविवारी शांतवन हट्टाने उपासनेला आला. स्वेटर, कानटोपी, हातात काठी, दुसऱ्या बाकावर बसला. मला तो दिसत होता. सातवं नाव वाचलं तेव्हा त्याने मान वर केली. मी दहा आकडे मोजले, भरभर मोजले, आणि यादीची घडी घातली. तो सगळ्यांसमोर काही बोलला नाही, मला खाली बघायला लागेल असं त्याने जन्मात कधी केलं नाही. ऑटोत बसलो, बरकतपुऱ्याच्या चौकात गाडी थांबली, तेव्हा म्हणाला, "माधवीला आज फोन कर." मी म्हटलं, "कालच केला. तिचं काही म्हणणं नाही."  मग म्हणाला, तिला वाईट वाटलं असेल, आणि डोळे मिटून घेतले. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. त्याला अरे-तुरे करते म्हणून सगळी मंडळी माझ्याकडे बघून नाकं मुरडायची, पण औषधांचं ते एक सोडलं तर चाळीस वर्षांत मी त्याला मोठ्या गोष्टीत कधी फसवलं नव्हतं. त्याला संशय यायचं कारणच नव्हतं.

कबर उघडली तेव्हा मी तिथे होते. तुला ते कळायला हवं, म्हणून लिहिते, आवडत नसेल तर ही ओळ सोडून दे. खणणाऱ्याने जपून खणलं. अठ्ठावीस वर्षांनी सात वर्षांच्या मुलाचं फार काही उरत नाही. जे उरलं ते पांढऱ्या कापडात बांधून त्याच खड्ड्यात पायथ्याशी ठेवलं, तशीच रीत आहे. कापड मी घरून नेलं होतं, नवं, धुतलेलं. गाठ मी स्वतः बांधली. मग वर दुसरी पेटी उतरवली. हर्षदचा दगड काढून नळापाशी टाकला होता, लोक त्याच्यावर उभे राहून पाय धूत होते. महिन्याने मी तो चौकीदाराच्या मदतीने ऑटोत घालून घरी आणला. बाल्कनीत आहे. नाव वाचता येतं, तारखेचा कोपरा तेवढा उडालाय.

मी आता सूचना वाचत नाही. घसा बसतो म्हणून सांगितलं. लक्ष्मणरावांना वाईट वाटलं. ईस्टरनंतरच्या रविवारी वार्षिक सभा आहे. तुझा कागद मी परवा पर्समधून काढला, घडीवर पिवळा पडला होता, खाली माझी सही केली. शांतवनच्या जागेवर भागूबाईंची घेतली. त्यांना वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, बाई, माझ्या बहिणीच्या आधी हे आणायला हवं होतंस. लक्ष्मणरावांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, एवढ्या उशिरा का. मी म्हटलं, सभेत सांगते. सभेत मी उभी राहून सगळं सांगणार आहे, प्रार्थना करून नाही, डोळे उघडे ठेवून, तुझं नाव घेऊन. त्यानंतर कुणी माझ्याकडे चहाला येईल असं वाटत नाही.

आता उरलेलं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या मध्ये लक्ष्मणराव शांतवनला बघायला आले होते. जाताना फाटकापाशी हळूच म्हणाले, ताई, ती सातवी जागा कडेला आहे, वाटेजवळ, तुमच्या गुडघ्यांना बरी पडेल, हरकत आली नाही तर साळवेभाऊंसाठी तीच धरतो. मला मूलबाळ नाही, रिंगरोडपलीकडे मला कोण नेणार होतं, आणि इथे मी चालत जाऊ शकते. म्हणून मी तुला फोन केला नाही. मे महिन्यात तू मला विचारलंस, कुठे ठेवलं गं शांतवनला, आणि मी म्हटलं, आपल्याच कब्रस्तानात, देवाच्या कृपेने जागा मिळाली. ती जागा हर्षदची. मी दर शनिवारी तिथे जाते आणि अर्धा तास बसते, आणि दोघांपैकी एकाशीही बोलायची मला हिंमत होत नाही. पंचांचा एक नियम आहे, तो फारसा कुणाला माहीत नाही. रक्ताच्या नात्यातल्या माणसाला, यादीत नाव नसलं तरी, दफनापासून एक वर्षाच्या आत लेखी हरकत घेता येते. हरकत आली की वरचा दगड काढतात, पहिला दगड परत बसवतात, आणि नंतर ठेवलेल्या माणसाचं नाव त्या जागी पुन्हा कधी लावत नाहीत. वर्ष सोळा मेला संपतं. या पत्राच्या मागे तो अर्ज जोडलाय, सगळा भरलेला आहे, कबर कितवी, ओळ कुठली, सगळं. ज्याचं नाव काढायचं त्या रकान्यात शांतवन येशुदास साळवे असं मी माझ्या हाताने लिहिलं आहे. तुझी सही तेवढी राहिली आहे. माझ्याकडे बघून करू नकोस, आणि माझ्याकडे बघून टाळूही नकोस. केलीस तर कुणाला विचारू नकोस, सरळ पंचांच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने टाक, मला दाखवायची गरज नाही.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
सुशी